चूल एक, कार्डं तीन

"तांदळात प्लॅस्टिक घालत्यात, सांगून ठेवते," म्हणत आक्कांनी कुंपणाच्या तारेवरून वाटी माझ्यापुढं धरली. वाटीत पाणी, तळाला रेशनचा तांदूळ आणि वर तरंगणारे पाच-सहा दाणे. बाकीच्यांपेक्षा जरा पिवळट, गुळगुळीत, सगळे एका मापाचे. रानात पिकलेला दाणा इतका शिस्तीचा नसतो, हे आक्कांचं म्हणणं खरंच होतं.

पलीकडच्या वहिनींकडं पुरावा तयार होता. मोबाइलवर कुणी भाताचा गोळा करून फरशीवर आपटतोय आणि तो चेंडूसारखा उसळतोय. "बघा, माझ्या भावजयीनं पाठवलाय." भावजयीनं पाठवलेल्या व्हिडिओवर शंका घ्यायची आमच्या बोळात पद्धत नाही.

मी म्हटलं, "आक्का, प्लॅस्टिक नाही ते. तांदळाचंच पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळतात, आणि यंत्रातून परत तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. शंभर किलोत एक किलो मिसळायचं. बायका-पोरांचं रक्त कमी पडतं ना, त्यासाठी. 2021 च्या 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं, आणि 2024 च्या मार्चपर्यंत रेशनच्या सगळ्या तांदळात आलं."

"मग दुकानात सांगाया नको? मी निवडून निवडून कोंबड्यांना घातला की गं."

"तरीच तुमचा कोंबडा पहाटे तीनला ओरडतोय," वहिनी म्हणाल्या. "रक्त वाढलं असंल."

हसण्यावारी गेलं, पण आक्कांचं बरोबर होतं. दाणा बदलला, गोणीवर निळी खूण आली, आणि गोणीतलं धान्य ज्यांच्या ताटात पडायचं त्यांना एका शब्दानं कुणी सांगितलं नाही. फुकटच्या धान्यात विचारायचं नसतं, असा एक अलिखित नियम आहे. दुकानात पाटी असते ती एवढीच: सर्व्हर बंद आहे.

फुकटचं तरी पूर्वी नव्हतं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया असा किलोचा दर होता. आपल्याकडं 2014 च्या फेब्रुवारीपासून तो लागू झाला. कोरोनात नेहमीचं पाच किलो आणि वर आणखी पाच किलो मोफत, असं दुप्पट मिळायचं. 2023 च्या जानेवारीपासून सगळंच मोफत केलं आणि वरचं बंद केलं. वहिनी अजून म्हणतात, "फुकट केलं आणि निम्मं केलं."

पण खरी गोष्ट पुढंच आहे. आक्कांच्या घरात माणसं पाच. माणशी तीन किलो तांदूळ, दोन किलो गहू. म्हणजे महिन्याला पंधरा किलो तांदूळ. आमचं गाव सोलापूर जिल्ह्याच्या अगदी कडेचं, इथं तोंडाला ज्वारी लागते. मालदांडीची भाकरी, वर शेंगाचटणी आणि दह्याचा गोळा. भात म्हणजे सणाला, नाहीतर पोराचं पोट बिघडलं तर. पंधरा किलो तांदळाचं करायचं काय?

त्याचं उत्तर दर महिन्याला स्कूटीवर बसून येतं. मागच्या बाजूला ताणकाटा, पुढं दोन रिकामी पोती. "तांदूळ हाय का, रेशनचा तांदूळ," अशी आरोळी मोठ्यानं नाही, दारापाशी येऊन, भंगारवाल्यापेक्षा दोन पट्ट्या खाली. वाटाण्याएवढा भाव करतो, उचलतो, जातो. तो तांदूळ पुढं कुठं जातो, पॉलिश होऊन कुठल्या नावानं परत येतो, हे बोळात प्रत्येकीला वेगवेगळं आणि खात्रीनं माहीत आहे. विकणं गुन्हा आहे, जीवनावश्यक वस्तूंचा 1955 चा कायदा लागतो, हेही माहीत आहे.

"पेपरात येतंय, गरीब लोक फुकटचं धान्य विकून खात्यात," वहिनी म्हणाल्या. त्यांना हा विषय आवडतो.

आक्का कधी नव्हे ते चिडल्या. "विकून काय खाती मी? ज्वारी खाती! त्या तांदळाच्या पैशात मोंढ्यातनं सात-आठ किलो ज्वारी येती. इथं शेजारी मंगळवेढ्याची ज्वारी, जगात नाव, आणि आमाला पंजाबचा तांदूळ!"

पंजाबचाच असेल असं नाही, पण मुद्दा बिनतोड होता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. कायद्यात भरडधान्य शब्दानिशी लिहिलेलं आहे. आणि ज्वारीच्या कोठारात राहणाऱ्या बाईला तांदूळ विकून ज्वारी विकत घ्यावी लागते, वर चोर ठरावं लागतं. अलीकडं कधीमधी गव्हाच्या जागी ज्वारी येते म्हणतात, पण ती येते तेव्हा पाहुण्यासारखी येते, दोन महिने राहून निघून जाते. मला विचाराल तर त्या स्कूटीवाल्याला पकडायला पथकं नेमण्यापेक्षा दुकानात ज्वारीची गोणी ठेवा, त्याचा धंदा आठ दिवसांत बसेल.

"बाहत्तरला मिलो खाल्लाय आमी," आक्का जरा शांत होऊन म्हणाल्या. "तांबडी ज्वारी. भाकरी थापली की कडंनं फाटायची. दिवसभर खडी फोडायची, दुपारी सुकडी, रातच्याला मिलो. तवा कोण नाव ठेवत नव्हतं, कारण सगळेच खात हुते."

नावं ठेवायची सोय झाली ती कार्डांना रंग आल्यावर. 1999 च्या महाराष्ट्र दिनापासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. वर्षाला 15,000 पर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, त्यापुढं एक लाखापर्यंत केशरी, आणि लाखाच्या वर किंवा दारात चारचाकी असेल तर पांढरी. पिवळ्या कार्डाच्या अटी वाचल्या तर आज हसू येतं. घरात टेलिफोन नसावा, अशी त्यात अट होती! आता बोळात टेलिफोन एकाही घरात नाही. त्या हिशेबानं सगळे पिवळ्यात बसायला हरकत नाही.

नंतर रंगही पुरेना. अन्नसुरक्षा आली आणि केशरीतच दोन जाती झाल्या. प्राधान्य कुटुंब, म्हणजे धान्याचं केशरी. आणि एनपीएच, म्हणजे बिनधान्याचं. आमचं दुसऱ्या जातीतलं. सोयरीक जमवताना आमच्या चुलतसासूबाईंनी मुलाकडच्यांना विचारलं होतं, "कार्ड कसलं, धान्याचं का?" त्यांना जमीन किती हे विचारायचं होतं, पण कार्ड विचारलं की जमीन, नोकरी, गाडी, सगळं एका दमात कळतं. शिवाय कार्ड 'ऑनलाइन' आहे का, बारा अंकी आरसी नंबर पडलाय का, हे वेगळंच. ऑनलाइन नसलेलं कार्ड म्हणजे मुंडावळ्या बांधून बसलेला नवरा, ज्याची वरात कुणी काढत नाही.

आता ताईची गोष्ट. ताई म्हणजे कोपऱ्यावर फॉल-पिको, ब्लाऊज शिवते ती. नवरा गेला, दोन पोरं शाळेत. तिचं कार्डही एनपीएच. धान्याच्या यादीत नाव घालायला ती तहसीलला गेली. उत्पन्नाचा दाखला पाहिजे म्हणाले. तलाठ्यानं विचारलं, रोजचे किती मिळतात? ती म्हणाली, दोनशे. त्यानं तिच्यासमोर मोबाइलवर गुणिले केलं. दोनशे गुणिले तीस, सहा हजार. गुणिले बारा, 72,000. आणि मर्यादा आहे शहरात 59,000, खेड्यात 44,000.

आम्ही शहरात मोडतो, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. तेवढ्यात दोन पोरं, खोलीचं भाडं, लाइटबिल. तीन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा त्याच्या वर जाते. या आकड्याच्या आत खरं बोलून बसणारा माणूस शोधायला कंदील घेऊन फिरावं लागेल. पण यादी तर भरलेली आहे! कशी भरली, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तलाठ्यालाही ठाऊक आहे. बरेच जण पन्नास हजार सांगतात, तो पन्नास हजार लिहितो, कुणाचा कुणावर राग नाही. ताई खरं बोलली म्हणून बाहेर राहिली.

"खरं बोलाय सांगितलं कुणी तिला?" वहिनी म्हणाल्या. ऐकायला वाईट वाटतं, पण तो टोमणा ताईला नव्हता.

समजा तिचा दाखला बसला असता, तरी पुढं इष्टांक आहे. हा शब्द पुरवठा शाखेच्या खिडकीत शिरल्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्रात जास्तीत जास्त 7 कोटी 16 हजार लोकांना धान्य द्यायचं, असा वरून आकडा ठरलाय. खेड्यांत शंभरातले 76, शहरांत 45, साधारण असा. तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, लोक मात्र वाढायचे थांबले नाहीत. प्रत्येक तालुक्याला त्यातला वाटा दिलेला असतो. तो भरला की खिडकीतून उत्तर येतं, "इष्टांक शिल्लक नाही." कुणाचं नाव कमी झालं, तर तेवढी जागा होते.

"म्हंजे कुणी मरायची वाट बगायची?" आक्कांनी विचारलं.

"किंवा लग्न होऊन जायची. किंवा कुणी आपणहून सोडायची."

आपणहून म्हटल्यावर तिघींच्या माना एकदम एकाच दिशेला वळल्या. बोळाच्या तोंडाला दोन मजली घर आहे. दारात बोलेरो. कार्ड अंत्योदयाचं. म्हणजे सगळ्यांत खालचं, घरात एक माणूस असो की आठ, महिन्याला पस्तीस किलो धान्य, वर वीस रुपयांत किलोभर साखर, आणि होळीच्या सुमाराला घरटी एक साडी. साडी यंत्रमागांना काम मिळावं म्हणून सरकार विणून घेतं. यंदाची मोरपंखी होती म्हणे, त्यांच्या मोलकरणीच्या अंगावर बघितली आम्ही.

वहिनी या घरावर तासभर बोलू शकतात. पण एक गोष्ट मला माहीत आहे, कारण आमच्या घराचं बांधकाम त्या काळातलं. अंत्योदय योजना आली 2000 सालच्या डिसेंबरात. त्या घरातले म्हातारबा तेव्हा मोंढ्यात हमाली करायचे. पाठीवर क्विंटलचं पोतं, पायात चप्पल नाही. कार्ड त्यांना मिळालं ते अगदी योग्य मिळालं. पुढं पोरांनी सेंट्रिंगची कामं धरली, मग ठेके घेतले. माणसं वर आली, कार्ड खालीच राहिलं. खोटं कुणी काही सांगितलं नाही, फक्त परत येऊन कुणी काही विचारलं नाही. 'अनुदानातून बाहेर पडा' असा एक अर्ज शासनानं काढलेला आहे. तो भरून दिलेला माणूस मात्र आमच्या बोळात अजून कुणी पाहिलेला नाही.

"का भरावा त्यांनी?" वहिनींनी अचानक बाजू बदलली. त्या बदलतात. "धान्य त्यांना नकोच हाय. कार्ड पायजे. उद्या दवाखाना लागला तर?"

इथं गाडी बरोबर रुळावर आली. कार्ड धान्यासाठी आहे, हे आता फक्त कार्डावर छापलेलं आहे. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन करायचं, कार्ड दाखवा. तिथं आता पांढऱ्यालाही पाच लाखांपर्यंत घेतात. मुलगी झाली, लेक लाडकीचे टप्प्याटप्प्यानं 1,01,000 रुपये मिळवायचे, तर पिवळं किंवा केशरी पाहिजे. लाडकी बहीण आली 2024 च्या पावसाळ्यात, त्यात अडीच लाखांची मर्यादा होती, पण पिवळं-केशरी असेल तर उत्पन्नाचा दाखलाच लागत नव्हता. मग काय, त्या जुलैत आमच्याकडं पेटीच्या तळाला, देव्हाऱ्याच्या मागं, सासूच्या ट्रंकेत पडलेली कार्डं बाहेर आली. वाळवीनं खाल्लेल्या एका कार्डाला मी स्वतः सेलोटेप लावून दिलाय.

आणि तेव्हाच बोळातल्या एका मोठ्या घराचे तीन तुकडे झाले. भांडण नाही, वाटणी नाही. तिघी जावा एकाच ओट्यावर पोळ्या लाटतात. पण कार्डं तीन. कारण सोपं आहे. धान्य माणशी असतं, त्यामुळं कार्ड फोडून धान्य वाढत नाही. वाढते ती पात्रता. एका कार्डावर तिघा भावांचं उत्पन्न धरलं तर लाखाच्या वर, तीन कार्डांवर प्रत्येकाचं लाखाच्या आत. पुढं लाडक्या बहिणींची छाननी लागली, एका कुटुंबात फार तर दोघींनाच, असं निघालं, तेव्हा हे तीन कार्डांचं घर सगळ्यांत हुशार ठरलं. "चूल येक, कार्डं तीन," आक्का म्हणाल्या. "आमच्या येळी चूल फुटली की बाया रडायच्या."

वहिनींचं माहेर धाराशिवकडचं. आमच्यापासून जिल्ह्याची हद्द एसटीनं अर्ध्या तासावर. तिकडच्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांची गोष्टच वेगळी. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, असे चौदा आत्महत्याग्रस्त जिल्हे धरून तिथल्या केशरी शेतकऱ्यांना 2015 पासून धान्य मिळायचं. 2023 पासून धान्याऐवजी बँकेत पैसे टाकायला लागले, आधी माणशी महिना 150, मग 170.

"माझ्या भावाला घरबसल्या पैशे," वहिनी म्हणाल्या. "त्याचं रान आणि आमचं रान एकाच ओढ्याचं पाणी पितंय. ओढ्याच्या अलीकडं दुष्काळ कमी पडला व्हय?"

मी मनातल्या मनात 170 ला पाचनं भागलं. किलोला 34 रुपये. त्यात सध्या ज्वारी येते का, हे आक्कांना विचारलं असतं तर विषय परत स्कूटीवर गेला असता, म्हणून गप्प बसले.

दुकानदारावर तोंडसुख घेतल्याशिवाय गप्पा संपत नाहीत, पण यंदा आमच्यात फूट पडली. पूर्वी तो मापात मारायचा, हे सर्वमान्य आहे. आता मशीनवर अंगठा लावला की पावती निघते, किती आलं, किती दिलं, सगळं. त्याला शंभर किलोमागं 170 रुपये कमिशन, तेही आत्ता आत्ता वाढलंय. त्यात जागेचं भाडं, हमाल, लाइट. 2025 च्या जूनमध्ये पावसाळ्याचं म्हणून तीन महिन्यांचं धान्य एकदम द्यायला लावलं, तेव्हा त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि प्रत्येकाला तीन-तीनदा अंगठा लावावा लागत होता. आक्का म्हणाल्या, "बिचारा." वहिनी म्हणाल्या, "बिचारा म्हणे! जावई आहे का तुमचा?"

अंगठा हे आक्कांचं मोठं दुखणं. खुरपून, गोवऱ्या थापून बोटं गुळगुळीत झालीत. मशीन लाल दिवा दाखवतं. अंगठा पदराला पुसा, खोबरेल लावा, थोडा थांबून लावा, असे उपाय रांगेतल्या बाया सुचवतात. मध्यंतरी सगळ्यांची ई-केवायसी सुरू झाली. मुदत संपली, वाढली, परत संपली, परत वाढली. शेवटी नातवानं मोबाइलवर ॲप घेतलं आणि चेहऱ्यावरनं केलं. डोळे मिटा-उघडा म्हणत होतं. "मला वाटलं त्यो मोबाइल मला डोळा मारतोय," आक्का म्हणाल्या, "म्हणून मी बी मारला, तर झालं की काम!"

एवढ्यात ताई कापडाचं गाठोडं घेऊन बोळातून आली. आक्कांनी तिला तारेपाशी बोलावून घेतलं.

"सोमवारी परत जातीस का तलाठ्याकडं?"

"काय उपयोग आक्का? 72,000 होतंय. आणि खोटं मी लिहून देणार न्हाय, पोरांची शपथ घेतलीय."

"खोटं कोण सांग म्हणतंय? त्यानं तीसनं गुणलं ना? तू तीसही दिवस मशीनवर बसतीस व्हय? आयतवारी काम करतीस?"

"आयतवारी पोरं घरी असत्यात, कसलं काम."

"झाले वर्षाचे 52 दिवस कमी. पितृपक्षात कोण ब्लाऊज टाकतंय तुझ्याकडं?"

"कुणीच न्हाय."

"ते पंधरा." आक्का बोटांवर मोजत होत्या, तीच गुळगुळीत बोटं. "52 आणि पंधरा किती?"

"67," मी म्हणाले. माझा हिशेब मनात आधीच पळत होता. 59,000 भागिले दोनशे, बरोबर 295 दिवस. वर्षात सत्तर दिवस काम नसलं तर ताई यादीत बसते, आणि एक पैसा खोटा न सांगता. "आक्का, अजून तीन दिवस पाहिजेत."

"पंधरा दिवस पितरांचे धरले, पण त्यात दोन आयतवार आलेत की," ताई प्रामाणिकपणे म्हणाली. "ते दोनदा मोजले."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "हिला कुणी गप्प बसवा गं!"

"मग पाच काढू," आक्का जराही डगमगल्या नाहीत. "लाइट जाती त्येचे धर. उन्हाळ्यात तर दिवस-दिवस नसती. तुझी मोटरची मशीन का पायाची?"

"मोटरची."

"मग पाच काय, पंचवीस निघतील. वही आण, लिहून काढू."

ताई गाठोडं तारेवरच ठेवून वही आणायला गेली. वहिनींनी तेवढ्यात त्यातला वरचा ब्लाऊज उलगडून बघितला आणि बोलेरोवाल्यांच्या सुनेचा आहे हे ओळखलं. कापड मोरपंखी होतं.

"मोलकरणीला दिली म्हणून सांगत हुती," त्या म्हणाल्या. "ब्लाऊजपीस बघा कसा ठेवून घेतला!"